वाईट शब्द

कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या एका सरकारी बालगृहात मनाने कोसळलेल्या मुलांसाठी चार खाटांची वेगळी खोली होती. नवऱ्याची गार्डन रीचला रेल्वेत बदली झाली, म्हणून सत्तर साली महाराष्ट्रातून इकडे आलेल्या प्रेमलताबाई तिथे नर्स होत्या. पोलिसांनी आणल्या दिवसापासून नऊ वर्षांची पुतुल चकार शब्द बोलली नव्हती. दीड महिना वाट पाहून डॉक्टर वैतागले. सोमवारी ते तिला वेड्यांच्या इस्पितळात धाडणार होते.

"माझ्या सहीशिवाय नेतात कसे, बघतेच!" प्रेमलताबाई म्हणाल्या.

रविवारी पुतुलला भात भरवताना त्यांच्या तोंडून सहज मराठीत निघून गेलं, "खा ना गं, बाळ!"

बाकीची तिन्ही मुलं तोंडावर हात दाबून खिदळली. पुतुलने डोळे वटारले आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "छी मासी! हा वाईट शब्द आहे."

आपला लाडाचा 'बाळ' हा शब्द बंगाल्यांच्या कानाला चारचौघांत न उच्चारायच्या शिवीसारखा लागतो, हे प्रेमलताबाईंना तेव्हा कळलं.

सोमवारी त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "ती बोलते." डॉक्टर हसले. "भास झाला तुम्हाला," म्हणत त्यांनी सहीसाठी कागद पुढे केला. पुतुल भिंतीकडे तोंड करून गप्पच बसली होती.

प्रेमलताबाईंनी पदर खोचला आणि डॉक्टरांकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाल्या, "सही करणार नाही मी, बाळ!"

डॉक्टर लालबुंद झाले. भिंतीकडून आवाज आला, "छी मासी! कालच सांगितलं ना!"