दिवेलागणीचा धागा

“डोळं मिटू नका, कानिफभाऊ. वाफ आत गेली पायजे,” बिबीजान म्हणाली आणि तिने निखाऱ्यावरची कलेजी उलटवली.

कानिफनाथ कोष्टी शेगडीवर वाकला होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं. गळ्यातली तुळशीची माळ त्याने पाठीकडे सरकवली होती, तिला वाफ लागू नये म्हणून. कलेजी खाल्ली की रातांधळेपणा जातो हे साऱ्या भिंगारला ठाऊक होतं. पण कानिफनाथ माळकरी. त्याने ती तोंडात घालणं शक्य नव्हतं. मग त्यानेच तोड काढली: आजार डोळ्यांचा आहे, तर औषधही डोळ्यांनाच द्यावं. शेजारच्या गनीभाई खाटकाच्या बायकोला, बिबीजानला, हे पटलं नव्हतं. तरी शेजारधर्म म्हणून ती रोज सकाळी एक तुकडा भाजत होती. वाफ घेऊन झाली की तुकडा मांजराला जाई.

“मांजराची नजर लई तेज झालीया,” ती म्हणाली. “काल अंधारात उंदीर धरला त्यानं. तुमचं काय?”

कानिफनाथ नुसता हसला.

सुरुवातीला त्याने दिव्याच्या वातीला दोष दिला होता. मग रॉकेलला, मग कंट्रोलच्या सुताला. लढाई संपली तरी सूत आणि धान्य दोन्ही रेशनवरच मिळत होतं, आणि सूत खरंच वाईट होतं. पण दिवस कलला की मागावरचे ताण्याचे उभे धागे एकमेकांत विरघळू लागत. आधी काठाचा लाल आणि हिरवा एक होई, मग सगळाच ताणा राखेच्या पाण्यासारखा दिसे. तुटलेला धागा बोटांना सापडत नसे. तो मागाखालच्या खड्ड्यातून पाय वर काढून म्हणे, “आज पाठ धरली.” हिवाळ्याचे दिवस लहान होत गेले तशी त्याची पाठ लवकर लवकर धरू लागली. एका संध्याकाळी समोर ठेवलेल्या तांब्यासाठी त्याने भुईवर हात फिरवला, तेव्हा रंगुबाईने, त्याच्या बायकोने, ओळखलं.

आठवडाभर वाफ घेऊन फरक पडेना, तेव्हा तिने त्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टर माधवराव नवे होते, वयाने कोवळे. त्यांनी पापणी वर करून पाहिली. बुबुळाशेजारी पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा कोरडा डाग होता. हा आजार डोळ्यांत दिसतो, पण येतो ताटातून, असं त्यांनी समजावलं. डोळा असाच कोरडा पडत गेला तर दिवसाउजेडीही दिसायचं नाही, आणि गेलेली नजर मग परत येत नाही. माशाच्या तेलाची बाटली दवाखान्यात उरली नव्हती, आणि असती तरी गळ्यातली माळ त्यांना दिसत होती. मग त्यांनी सोपा उपाय सांगितला: रोज हिरवा पाला, थोड्या तेलात परतून.

“आमच्या घरात पाला शिजत न्हाई,” कानिफनाथ म्हणाला. कुळाचार सांगावा तसं.

डॉक्टरांनी मग जेवणात काय असतं ते विचारलं. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, पिठलं, कधी डाळ, मिरचीचा ठेचा. त्यांनी रंगुबाईला खिडकीपाशी बसवलं आणि तिचेही डोळे पाहिले. ते स्वच्छ होते. दुसऱ्यांदा पाहिलं, तरी स्वच्छच.

“चूल एक, भाकरी एक,” ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. “मग यांचे डोळे कसे नीट राहिले?”

रंगुबाईने पदर पुढे ओढला. “देवाची किरपा,” ती म्हणाली.

डॉक्टरांचं समाधान झालं नाही, पण त्यांनी जास्त विचारलं नाही.

परतेपर्यंत दिवस मावळला. रस्ता त्याला दिसेना. रंगुबाईने पदराचं टोक त्याच्या हातात दिलं आणि ती पुढे चालू लागली. लोक बघत असतील याची लाज त्याला वाटली, पण कोण बघतंय ते त्याला दिसत नव्हतं.

“देवाची किरपा तुझ्यावर हाय,” तो मागून म्हणाला. “माझ्यावर का न्हाई?”

बिबीजानच्या परसाशी शेवग्याचं झाड होतं. तिथे पदर सैल पडला. ती थांबली होती.

“म्या पाला खाते,” ती म्हणाली.

“कुठं?”

“हितं. बिबीजानच्या परसात. दुपारी, तुमी मागावर असता तवा. आमच्या कोपरगावाकडं भाजीबिगर जेवान नसतं. तुमच्या घरी आल्यावर लई दिस काढले तसंच. मग ऱ्हावलं न्हाई.”

पाला का शिजत नाही हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मानमोडीच्या तापाच्या साथीनंतर जामखेडकडे मोठा दुष्काळ पडला, तेव्हा कानिफनाथ लहान होता. आई हाताला लागेल तो पाला उकडून दोघा पोरांना घाली. धाकटी बहीण राही त्या पाल्यावर गेली. शेवटचा घास तिच्या ओठावर तसाच राहिला होता, हिरवा. मोठा होऊन स्वतःचा माग टाकला त्या दिवशी त्याने ठरवलं, या घरात पाला येणार नाही.

“त्यानंच गेली ती,” तो आता म्हणाला.

“पाल्यानं राही न्हाई गेली,” रंगुबाई म्हणाली. “भुकंनं गेली. पाल्यानं तुमी ऱ्हायलात.”

पदराचं टोक त्याने सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माग थांबला. रंगुबाई बिबीजानच्या परसात तीन दगडांच्या चुलीपाशी बसली होती. तिथे तिचं एक वेगळं गाडगं होतं. त्यात कधी मटण शिजलं नव्हतं. बिबीजान ते भिंतीवर उंच ठेवायची, घरातल्या कुणाला हात लावू द्यायची नाही. इतकी वर्षं तिने शेजारणीला एकदाही विचारलं नव्हतं की बाई, तू आपल्या घरी का शिजवत नाहीस. कानिफनाथ कुडाच्या दारातून आत आला आणि भुईवर बसला. बिबीजानने त्याच्याकडे पाहिलं आणि ती घरात गेली.

रंगुबाईने भाकरीवर पाला वाढला. त्याने पहिला घास बाजूला, दगडावर ठेवला. तो कुणासाठी हे तिने विचारलं नाही. दुसरा घास त्याने तोंडात घातला. बराच वेळ चावला. कडसर होता, तेलाचा आणि लसणाचा वास होता. तेव्हाच्या पाल्याला तेल नव्हतं, मीठही नव्हतं.

“लसूण जास्ती झाला का?” तिने विचारलं.

“न्हाई. वाढ.”

पौष सरत आला. उरलेल्या सुताचा त्याने एक फडका विणला, लाल काठाचा, लुगड्याला घालतात तसा. तो त्याने बिबीजानला दिला, गाडग्यावर झाकायला. एवढ्याशा गाडग्याला एवढा काठ, म्हणून ती हसली. “आता मांजराला कलेजी कोन घालनार?” तिने विचारलं. पण फडका तिने दोनदा डोळ्यांना लावला.

त्या संध्याकाळी मागावर एक धागा तुटला. कानिफनाथाने धोटा थांबवला, टोकं शोधली, गाठ मारली आणि फणी ओढली. मग त्याच्या लक्षात आलं की अजून दिवा लागलेला नाही. काठाचा लाल लालच होता, आणि हिरवा त्याच्याशेजारी वेगळा.

रंगुबाई दिवा घेऊन दारात आली.

“थांब जरा,” तो म्हणाला. “लावू नगंस एवढ्यात.”

ती तशीच उभी राहिली, हातात न पेटवलेला दिवा घेऊन. तिच्या मागे बाहेर अंधारत चाललं होतं. कुडावरून बिबीजानचं मांजर पाय मोजत चाललं होतं. ते पलीकडे उतरेपर्यंत तो त्याच्याकडे बघत राहिला.