थोरलीचं ‘मस्ट’

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. काळा नव्हे, पांढरा. माझ्यावर खडूने नाही, मार्करने लिहितात. पाठ पत्र्याची, कड अॅल्युमिनियमची, आणि डाव्या कोपऱ्याला एक पोचा. कारखान्यातून गाडीत चढवतानाच मी हमालांच्या हातून निसटलो. त्यामुळे नवाकोरा असा मी एक दिवससुद्धा नव्हतो.

मला एका मोठ्या लाँड्रीने विकत घेतलं. तिथे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुतल्या जातात. सुरुवातीला मी साहेबांच्या मीटिंगच्या खोलीत होतो. “काय लख्ख फळा आहे!” असं येणारे-जाणारे म्हणायचे आणि मी मनातल्या मनात फुगायचो. मग एके दिवशी एका पाहुण्याने न पुसल्या जाणाऱ्या मार्करने माझ्यावर वर चढत जाणारा एक लांबलचक बाण काढला. तो म्हणे पुढच्या वर्षीचा नफा होता. नफ्याचं पुढे काय झालं मला ठाऊक नाही. बाण मात्र कशानेही जाईना. साहेबांनी नाक मुरडलं आणि माझी रवानगी वाफेच्या खोलीत झाली.

वाफेच्या खोलीत चादरींना इस्त्री करणारी मोठमोठी यंत्रं असतात. त्यांना सगळे प्रेस म्हणतात. तिथे मला कोणी फळा म्हणून ओळखलंच नाही. कोणी माझ्या कडेवर ओले हातमोजे वाळत घातले, कोणी अॅप्रन लटकवला. फळा असून अंगावर एक अक्षर नाही, हे दुःख फार वाईट असतं, मित्रांनो.

त्या खोलीत दोन जावा कामाला होत्या. थोरली प्रेसवर, धाकटी घड्या घालायला. घरात थोरलीचा शब्द चाले. काय शिजेल, कोण कधी उठेल, सगळं तीच ठरवायची. धाकटी लग्नाआधी कॉलेजात शिकलेली होती, पण थोरलीसमोर तिचा आवाज निघत नसे. शेजारच्या प्रेसवर एक बाई होती. दिवसभर तिची टकळी चालू असायची, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत.

एके दिवशी चिमणीने बोलता बोलता प्रेसचं झाकण उघडलं. लाल दिवा अजून पेटलेला होता. आतली वाफ तिच्या हातावर आली आणि कोपरापर्यंत कातडी सोलवटून निघाली. त्या झाकणावर इंग्रजीत सूचना चिकटवलेली होती: लाल दिवा असताना उघडू नये. इतकी वर्षं प्रेसवरच्या सगळ्या बायका त्या सूचनेला कंपनीची जाहिरात समजत होत्या, आणि घड्यांच्या टेबलावरून धाकटीला ती कधी दिसलीच नव्हती.

त्यानंतर ऑफिसने ठरवलं की खोलीला एक इनचार्ज हवा. यंत्रांवरचे नियम इंग्रजीत वाचता आले पाहिजेत आणि तपासायला येणाऱ्या बाईंना इंग्रजीतच उत्तरं देता आली पाहिजेत. त्यासाठी परीक्षा ठेवली. प्रेस चालवणाऱ्यांपैकी कोणी पास झालं नाही तर बाहेरून माणूस आणणार.

दुसऱ्या दिवशी थोरलीने माझ्यावरचे हातमोजे काढून फेकले, ओल्या फडक्याने मला खसाखसा पुसलं आणि धाकटीला म्हणाली, “शिकव मला.”

“मी? तुम्हाला?” धाकटीला घाम फुटला.

“घरात मी सांगते ना? इथे तू सांग.”

जेवणाच्या सुट्टीत आमची शाळा सुरू झाली. धाकटी लिहायची, थोरली मोठ्याने वाचायची.

“मस्ट म्हणजे केलंच पाहिजे. शुड म्हणजे केलेलं बरं. मस्ट नॉट म्हणजे अजिबात करायचं नाही. आणि डोन्ट हॅव टू म्हणजे करायची गरज नाही. हवं तर करा.”

थोरली माझ्याकडे रोखून बघत राहिली. “‘नाही’ हा शब्द तर दोन्हीकडे आहे. मग एकात एवढी दरडावणी आणि दुसऱ्यात एवढी मोकळीक कशी?”

“आहे खरी, ताई.”

हीच गोष्ट तिला नडली. परीक्षेच्या दिवशी तपासनीस बाईंनी विचारलं, लाल दिवा असताना झाकणाचं काय करायचं? थोरली ठणकावून म्हणाली, “यू डोन्ट हॅव टू ओपन!” म्हणजे उघडायची गरज नाही, बाकी तुमची मर्जी. बाईंनी पेन खाली ठेवलं. ऑफिसातला कारकून फिसकन हसला.

थोरली परत आली ती लालबुंद होऊन. धाकटी हळूच म्हणाली, “जाऊ द्या ताई. ते इंग्रजीच वाकडं आहे.”

“वाकडं नाही. मी चुकले. आणि माझं ऐकून कोणी झाकण उघडलं असतं तर? चिमणीचा हात बघितलास ना? महिन्याने पुन्हा परीक्षा आहे. लिही.”

धाकटीने एक युक्ती काढली. घरातल्या नियमांची वाक्यं करायची.

“दूध गॅसवर असताना फोन घेऊन बसायचं नाही,” थोरली म्हणाली. “मस्ट नॉट!”

“बरोबर. आणि रविवारी सगळ्यांनी पहाटे उठायचं?”

“मस्ट.”

“का पण? कामाला सुट्टी, पाणी दिवसभर. ताई, नीट विचार करून सांगा.”

थोरलीने मार्कर हातात घेतला. तिने स्वतःच माझ्यावर लिहिलं: यू डोन्ट हॅव टू.

“आता खाली सही करा,” धाकटी म्हणाली, आणि अख्खी वाफेची खोली हसली. त्या रविवारी धाकटी ऊन खिडकीत येईपर्यंत झोपली, हे सोमवारी तिनेच सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या परीक्षेत थोरली कुठेच अडली नाही. ती इनचार्ज झाली. चिमणीही हात बरा झाल्यावर कामावर परतली.

पण खरी परीक्षा पुढेच होती. एका दुपारी साहेब धावत आले. दारात हॉटेलची गाडी उभी होती आणि शेवटच्या चादरी अजून प्रेसमध्ये होत्या.

“उघडा झाकण, काढा चादरी!”

“लाल दिवा आहे, साहेब.”

“अहो, एवढं काही होत नाही. आजच्या दिवस तो नियम शुड समजा.”

खोलीतले सगळे हात थांबले. चिमणीने तर दोन्ही हात पाठीमागे घेतले. थोरली जागची हलली नाही.

“शुड नाही, साहेब. मस्ट नॉट लिहिलंय.”

“गाडी खोळंबलीय बाहेर!”

“खोळंबू दे. थांबल्याने गाडी भाजत नाही.”

साहेब चिडले. “मग उशीर तुमच्यामुळे झाला, असं लिहून द्याल?”

“देते की. इंग्रजीत देऊ?”

थोरलीने माझ्यावर, त्या जुन्या बाणाच्या आडवं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: वुई मस्ट वेट. मग ती प्रेससमोर हाताची घडी घालून उभी राहिली. दिवा विझला तेव्हा तिने स्वतः झाकण उघडलं. गाडी उशिरा गेली. साहेब कितीतरी दिवस तिच्याशी सरळ तोंडाने बोलले नाहीत. ती रोज त्यांना नमस्कार करून आपल्या कामाला लागत होती.

मित्रांनो, आता माझी चकाकी गेली आहे. कितीही पुसलं तरी कालची अक्षरं अंगावर पुसट राहतात. तुमच्या शाळेत माझ्यासारखा कोणी म्हातारा असेल तर त्याला मऊ फडक्याने पुसत जा. ही माझी विनंती आहे. ती शुडमध्ये मोडते, हे मी ओळखून आहे. पण समोर लिहिलेली सूचना कळली नाही तर लाज न बाळगता कोणाला तरी विचारा. ते मात्र मी शुडमध्ये बसू देणार नाही.