अकरावी बरणी

वीणाने गॅरेजमधली फळी दोनदा चाचपली. ती रिकामी आहे हे डोळ्यांना दिसत होतं, पण हाताला पटत नव्हतं.

"निमिष, इथली बरणी कुठे गेली?"

"काल तू बाहेर होतीस तेव्हा अँटिकवाला घेऊन गेला ना, आई. घरातल्या दहा आणि ही एक. तूच म्हणालीस, माझ्या कॉन्डोमध्ये जागा नाही, सगळ्या देऊन टाक." रेजिना शहरातलं घर आवरून आईला आपल्या गावी, कनाटाला न्यायला आलेला मुलगा कॉफीचा मग घेऊन दारात उभा होता. "डोन्ट वरी, बाबांचा बॉक्स इथेच आहे."

फ्युनरल होमने दिलेला अस्थींचा काळा प्लास्टिकचा डबा कोपऱ्यात होता. निमिषने श्रद्धेने त्याला हातही लावला नव्हता, वर फक्त एक फूल ठेवलं होतं. डब्यात काहीच नव्हतं.

तिचा नवरा विलास नागपूरचा बी.फार्म. तीनदा परीक्षा देऊनही इथलं लायसन्स मिळालं नाही आणि दुसऱ्याच्या काउंटरवर गोळ्या मोजण्यात बावीस वर्षं गेली. त्याची भरपाई म्हणून की काय, तो जुन्या इंग्लिश औषधांच्या बरण्या जमवत सुटला. पांढऱ्या चिनी मातीवर निळी वेलबुट्टी, मधोमध लॅटिन नाव. पाहुणा आला की त्याला चहाआधी लॅटिन पाजायचा. वीणा कपाळाला हात लावायची, पण बरण्या तीच पुसायची.

जानेवारीत तो गेला. त्याला प्लास्टिकमध्ये ठेवणं तिच्या जिवावर आलं. सगळ्यात मोठ्या बरणीत तिने अस्थी ओतल्या. अस्थी घरात ठेवायच्या नसतात, म्हणून बरणी गॅरेजमध्ये. एप्रिलमध्ये रामटेकला न्यायच्या होत्या. मुलगा नाक मुरडेल या धास्तीने तिने त्याला सांगितलंच नाही. आता सांगितलं.

निमिषने मग खाली ठेवला आणि गाडीची किल्ली घेतली.

गाडीत तिला बसवेना. ती सीटबेल्ट ओढायची, सोडायची.

"हा ट्रक हलत का नाही?"

"सिग्नल आहे, आई. आय ॲम सो सॉरी."

"तुझं काय चुकलं? गाडी चालव."

चूक तिचीच होती, आणि तेच तिला आतून कुरतडत होतं. त्याने झाकण उघडलं असेल का? उघडून ओतलं असेल, तर कुठे? उभं राहून राहून पाय सुजलेला तो माणूस कचऱ्याच्या पिशवीत गेला असेल तर?

दुकानासमोर गाडी पुरती थांबायच्या आत ती उतरली, चार लाकडी पायऱ्या धडाधड चढून आत शिरली. टेबलावर अकराही बरण्या धुऊनपुसून मांडलेल्या होत्या. सत्तरीच्या दुकानदाराने तिला ओळखलं नाही. निमिषने ओळख करून दिली तेव्हा तो आदराने उठला.

"तुमच्या मिस्टरांची नजर चांगली होती," तो म्हणाला.

"मोठ्या बरणीत काही होतं," वीणा म्हणाली.

"शेगडीची राख ना? फेकली नाही हं. सकाळी एक बाई बाहेर घसरता घसरता वाचल्या, म्हणून पायऱ्यांवर पसरली. एवढ्या थंडीत बर्फ वितळवायचं मीठ काही कामाचं नसतं. राखेने पायाला छान पकड येते." तिचा चेहरा पाहून तो चाचरला. "तुम्हाला हवी होती का?"

निमिषने तोंड उघडलं. वीणाने त्याचं मनगट घट्ट दाबलं. टेबलावरच्या सगळ्या बरण्या एका हाताने खाली लोटाव्यात असं तिला वाटलं. पण म्हातारा तिच्याकडे इतक्या काळजीने बघत होता. खरं कळलं असतं तर या माणसाला स्वतःच्या पायऱ्या चढवल्या नसत्या.

"नाही," ती म्हणाली. "सहज विचारलं."

दाराशी येताच निमिष कुजबुजला, "झाडू मागू का? थोडं तरी गोळा करू."

"काय काय वेचशील? निम्मं बर्फात गेलंय, निम्मं लोकांच्या बुटांना."

कठडा धरून एक म्हातारं जोडपं सावकाश वर येत होतं. वीणाने बाजूला होऊन त्यांना वाट दिली. मग ती उंबऱ्यावर बसली, बूट काढून काखेत धरले, आणि उणे एकवीस डिग्रीत नुसत्या मोज्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"आई, यू विल फ्रीझ."

ती थांबली नाही. खालच्या पायरीवरून तिने मागे पाहिलं तेव्हा निमिष उंबऱ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.