उजवं बोंड रत्नम्माचं

चनबसप्पाचा जुना फोन सोमवारी सकाळी कायमचा बंद पडला, आणि घरात सगळ्यांना हायसं वाटलं.

त्या फोनला चार्जिंगला लावणं म्हणजे मोठा कार्यक्रम होता. पिनेची जागा ढिली झाली होती. पिन घालायची, थोडी वर उचलायची, खाली काडेपेटी सरकवायची, वरून शेंगा चटणीची भरलेली बरणी ठेवायची, आणि मग त्या खोलीत कुणी जोरात चालायचं नाही. सून चंद्रिका जेवण वाढताना बरणी उचलायची, की बाहेरच्या बाजेवरून चनबसप्पा ओरडायचा, "बरणी! बरणी ठेव खाली!" पाहुण्यांना वाटायचं, म्हातारा चटणीला लई जपतो.

संध्याकाळी मुलगा सोमेश नवा फोन घेऊन आला.

"अप्पा, आता बरणी नको. ही सी पिन. उलटी घाला, सुलटी घाला, जाती. माझ्या फोनला हीच, चंद्रिकाच्या फोनला हीच. परदेशात तर कायदाच झालाय, सगळ्यांना एकच पिन."

चनबसप्पाला हे पटलं. उभा जन्म अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर गेला होता, आणि अजून पाळ्या चालूच होत्या. तिथं प्रत्येक मागाला वेगळा पाना लागला असता तर टॉवेल कधी निघालाच नसता. "चांगलं केलं की," तो म्हणाला. "आधी सुचायला काय झालतं त्यांना?" मग त्यानं सदऱ्याच्या खिशातून इअरफोनची वायर काढली आणि फोन फिरवून बघू लागला. वर बघितलं, खाली बघितलं, चष्मा लावून पुन्हा बघितलं.

"भोक कुटं हाय?"

"कसलं?"

"कानाचं."

"ते आता नसतंय अप्पा."

"म्हंजे पिना सगळ्यांच्या एक केल्या, आन आमच्या कानाचं भोक बुजवलं? हा कुटला कायदा?"

सोमेशला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. त्यानं खिशातून चुन्याच्या डबीएवढी एक पांढरी डबी काढली. आत दोन शेंगदाण्यांसारखं काहीतरी होतं. "बिनवायरचे. कानात घालायचे, बस्स. तुम्ही इथं, फोन तिथं."

"मी हितं आन फोन तितं कशाला? आमचं काय भांडण झालंय?"

"अहो अप्पा, सोयीचं असतंय."

"ब्याड," चनबसप्पा म्हणाला. नको म्हणायचं असलं की तो मराठीत म्हणायचा. पुढं काही ऐकायचंच नसलं की कानडीत.

सोमेशला वाटलं, म्हाताऱ्याला नवं काही नको असतं. तसं नव्हतं. गोष्ट त्या वायरची होती.

चनबसप्पाचा उजवा कान मागांच्या खडखडाटानं गेला होता. त्याच कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या रत्नम्माचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, चंद्रिकाच्या अत्तींचा, डावा. दोघांत मिळून दोन चांगले कान उरले होते. म्हणून ती नेहमी त्याच्या डाव्या बाजूला बसायची. चांगले कान शेजारीशेजारी यायचे, मधे वायर. इअरफोनच्या टोकांना तो बोंडं म्हणायचा. डावं बोंड त्याचं, उजवं तिचं. वायर आखूड असल्यामुळं भांडण झालेल्या दिवशीही चिकटूनच बसावं लागायचं.

रोज संध्याकाळी बाजेवर बसून ते फोनवर खुनाची एक मालिका ऐकायचे. एका डॉक्टरचा खून झाला होता. चनबसप्पाचा संशय पुतण्यावर, कारण पुतण्याकडं फटफटी होती आणि काम काही नव्हतं. रत्नम्मा पहिल्या भागापासून सांगत होती, खून कंपाउंडरनं केला.

"कशावरनं?"

"पोलीस आला की चहा घ्या, चहा घ्या करतोय. घरात मयत झालीय, आन ह्याला चहा सुचतोय?"

"माणुसकी असंल की."

"माणुसकी एक कप असती. दुसऱ्या कपाला भीती असती."

पैज लागली. तो हरला तर ताटभर कारल्याची भाजी खायची, तीही तोंड वाकडं न करता. ती हरली तर त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं उप्पीट तिनं खायचं. शिक्षा दोन्ही सारख्याच होत्या.

शेवटचा एक भाग राहिला आणि गेल्या श्रावणात रत्नम्मा गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि संपलं.

तो भाग चनबसप्पानं ऐकला नव्हता. रोज संध्याकाळी बाजेवर बसायचा, डावं बोंड कानात घालायचा, उजवं शेजारच्या जागेवर ठेवायचा, आणि बातम्या, हवामान, भाजीचे भाव, जे लागेल ते ऐकायचा. मालिका लावायचा नाही. कधीतरी ऐकायची होतीच. पण ऐकायची ती तशीच, दोन बोंडं दोन जागांवर ठेवून.

आता घाई होण्याचं कारण रुद्रप्पा. हा त्याच्या शेजारच्या मागावर काम करायचा आणि त्यानं ती मालिका संपवली होती. खुनी कोण हे एकट्याच्या पोटात ठेवणं त्याला जड जात होतं.

मंगळवारी पाळीवर गेल्यागेल्या रुद्रप्पानं लांबून हात केला. आता बाहेरच्या माणसाला वाटेल, शेडमध्ये एवढा आवाज, तिथं कोण काय सांगणार? पण मागावरची माणसं कानानं ऐकतच नाहीत. ओठ बघून बोलतात. अख्खी शेड खडखडत असताना चार माग पलीकडच्या माणसाशी घरच्या लग्नाच्या गोष्टी होतात. म्हणजे चनबसप्पानं कानात बोटं घालून काही उपयोग नव्हता. त्यानं डोळे मिटले.

रुद्रप्पानं जवळ येऊन त्याला हलवलं. चनबसप्पानं एक डोळा उघडला. रुद्रप्पाचे ओठ म्हणत होते, "अरं, तो खुनी..." चनबसप्पानं डोळा मिटला आणि तसाच वळून चालू लागला. मिटल्या डोळ्यांनी दोन मागांमधून चालणं कुणालाच जमत नाही. तो एका दांडीला थडकला, खिशातून लोंबणारी वायर दांडीत अडकली, आणि पुढच्या पावलाला तुटली.

कुणाच्या हातून काय व्हायचं ते ठरलेलं असतं. मागावर धागा तुटला की विणकर विचार करत नाही. हात आपोआप गाठ मारतात. चनबसप्पाच्या हातांनी तेच केलं. तुटलेली दोन टोकं घेतली, थुंकी लावली, आणि अशी गाठ मारली की बोट फिरवलं तरी लागू नये. ओढून बघितली. पक्की. तो खूश झाला. रुद्रप्पाला त्यानं ओठांनीच सांगितलं, "पुन्हा तोंड उघडलंस तर तुझ्या तोंडालाबी अशीच मारीन."

पाळी सुटल्यावर तो भवानी पेठेत गुरप्पाच्या मोबाइलच्या दुकानात गेला. नव्या फोनला जुनी वायर लागेल असा काही जोड मिळतो का, ते विचारायला.

"मिळतो की काका. ह्या बाजूला सी पिन, ह्या बाजूला जुनं भोक." गुरप्पानं बोटभर जोड काढला. "पण ऐकताना चार्जिंग नाही व्हायचं हां. भोक एकच."

"खायचं आन ऐकायचं एकाच तोंडानं?"

"तसंच की. कंपन्यांचं काय विचारू नका." गुरप्पानं वायर हातात घेतली, तिच्यावरून नजर फिरवली आणि थांबला. "ही गाठ कुणी मारली?"

"मी."

"काका, गाठ एक नंबर हाय. हिच्यावर टॉवेल निघंल. आवाज मात्र न्हाय यायचा."

"का? घट्ट हाय की."

"आत तांब्याच्या तारा असतात काका. त्यांच्यावर रंग असतोय. तुम्ही गाठ मारली, पण तार तारेला भेटलीच न्हाय."

गुरप्पानं गाठ कापली, तारा खरवडल्या, धूर काढत डाग दिला, टेप गुंडाळला. जोड लावून दोन्ही बोंडं कानाशी धरून बघितली, पुन्हा डाग दिला, पुन्हा बघितली.

"एकच बाजू चालती आता. दुसरी आतनं गेलीय."

"कुटली चालती?"

"उजवी."

चनबसप्पानं पैसे दिले आणि घरी आला. वाटेत त्याला थोडं हसूही येत होतं. गेली तरी शेवटचा भाग आधी तीच ऐकणार. जिवंतपणी तरी दुसरं काय होतं? दुधाची पहिली साय, पेपरातली मयताची बातमी, सगळं आधी तिला.

बाजेवर बसून त्यानं मालिकेचा शेवटचा भाग लावला. डावं बोंड कानात घातलं. त्यात काही नव्हतं. उजवं शेजारी ठेवलेलं, त्यातून मुंगी बोलल्यासारखा बारीक आवाज येत होता. ते उचलून स्वतःच्या कानात घालायला काही अडचण नव्हती. त्यानं उचललंही. कानापर्यंत नेलं आणि परत ठेवलं. दुसऱ्याच्या ताटातला घास उचलल्यासारखं वाटलं.

चंद्रिका चहा घेऊन आली. तिनं फोनवरचं चित्र बघितलं आणि चहाचा कप तसाच हातात राहिला.

"मामा! तुम्ही शेवटचा भाग लावला?"

"व्हय."

"मला न सांगता?"

"तुला काय करायचंय?"

"काय करायचंय म्हणजे? रोज सकाळी भाकऱ्या करताना अत्तींनी मला सगळी मालिका सांगितलीय. आवाज काढून काढून. पोलीस तर असा करायच्या, की माझी भाकरी करपायची. मी शेवटापर्यंत आले आणि त्या..." तिनं कप खाली ठेवला. "इतके महिने थांबलेय मी."

चनबसप्पानं कानातलं बोंड काढलं. "थांबलीस कशाला? फोन हाय की तुझा. ऐकायची न्हाय का?"

"तुमच्या आधी कशी ऐकू मामा?"

चनबसप्पानं मालिका थांबवली. शेजारचं उजवं बोंड उचललं, वायर नीट गुंडाळली आणि खिशात ठेवली. मग म्हणाला, "ते शेंगदाणे आण."

"कुठले? चटणीचे?"

"सोमेशचे."

डबी उघडल्यावर पुन्हा घोळ झाला. डावं कुठलं, उजवं कुठलं? चंद्रिकानं बारीक अक्षरं वाचून डावं त्याला दिलं, उजवं आपल्या कानात घातलं. "अत्तींनी पैजेचं सांगितलंय. तुमचा संशय अजून तोच का मामा?"

"पुतण्या."

"माझा नर्सवर."

"नर्सवर का?"

"ती रडत नाही."

"कामं पडल्यावर कोण रडतंय? बस."

"बसायला वेळ कुठाय? पीठ काढलंय. मी आतून ऐकते. वायर आहे का आता?"

ती आत गेली. चनबसप्पानं बाहेर बाजेवर भाग पहिल्यापासून लावला. शेंगदाणा कानात जरा टोचत होता. पण आवाज स्वच्छ होता. डॉक्टरच्या बंगल्यात सगळे जमले. पोलिसानं सगळ्यांना बसवलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. पोलीस म्हणाला, खुनी याच खोलीत आहे, आणि भाकरीचा आवाज थांबला. कुणीतरी पाणी मागितलं. मग एक नम्र आवाज आला, "साहेब, चहा टाकू का?"

"अय्यो!" आतून चंद्रिका ओरडली.

चनबसप्पा उठून उभा राहिला. पोलिसानं कंपाउंडरला पकडलं, कंपाउंडरनं सगळं कबूल केलं, गाणं वाजलं. चंद्रिका पिठाच्या हातांनी दारात आली. डोळ्यांना पदर लावत होती आणि हसतही होती.

"अत्तीच! अत्तीच बरोबर!"

"पण खून जमिनीसाठी केला," चनबसप्पा म्हणाला. "चहाचा संबंध न्हाय. हे मोजायचं का?"

"मामा."

"मी आपला विचारतोय."

"भिंतीवरच्या फोटोला विचारा."

त्यानं फोटोकडं बघितलं नाही. पायात चपला घातल्या, पिशवी घेतली आणि बाजारात गेला. भाजीवालीनं विचारलं, "आज कारली? तुमी?" तो म्हणाला, "हरलो."

रात्री चंद्रिकानं ताटभर भाजी वाढली. गूळ घातला नव्हता, कारण रत्नम्मा घालायची नाही. सोमेशला यातलं काही माहीत नव्हतं; अप्पा कारली खातायत म्हटल्यावर त्याला काळजी वाटली आणि तो डॉक्टरला विचारू का म्हणाला. चनबसप्पा एकेक घास सरळ तोंडानं गिळत होता. चंद्रिका समोर बसून त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"आत्ता वाकडं केलंत."

"न्हाय केलं. दात हालतोय."

"अत्तींनी हे चालवून घेतलं असतं?"

चनबसप्पानं ताटाकडं बघितलं. अर्धी भाजी शिल्लक होती. "न्हाय," तो म्हणाला, आणि ताट पुढं केलं. "वाढ आनिक थोडी."