दांड्यातली खडखड

मी सायकल बोलतेय. आजवर माझ्या बोलण्याला सगळे 'खडखड' म्हणत आले, म्हणून आज नीट शब्दांत बोलते, आणि चढ्या आवाजात बोलते. ज्याला सोसणार नाही त्याने कान झाकावेत. माझ्या मालकाला तर त्याची चांगली सवय आहे.

जन्मतः मी मुकी होते. ज्या कारखान्यात मी तयार झाले, तिथे ब्रेकच्या वायरी बाहेर लोंबत ठेवत नसत. माझ्या खालच्या दांड्याला पुढे एक भोक, मागे एक भोक. वायर आतून जायची. पण पोकळ दांड्यात वायर सुटी सोडली तर ती आदळणार, हे तिथल्या कामगार बाईला पक्कं ठाऊक होतं. तिने वायरीच्या कव्हरावर फोमची मऊ नळी चढवली, मगच ते आत सरकवलं. दांडा हलवून बघितला, काही वाजत नाही याची खात्री केली, आणि मला पुढच्या टेबलावर दिलं.

माझा मालक चष्म्याच्या काचा घासतो. केसाएवढा ओरखडा दिसला तरी काच पुन्हा घासायला घेणारा माणूस. मला वाटलं, नशीब काढलं! त्याची बायको घरी शिवणकाम करते. बाजाराला जाताना ती माझ्या कॅरियरवर बसायची आणि दोघं वाटभर बोलायची. पहिली तीन वर्षं आम्ही तिघं सुखात होतो, हे खोटं कशाला सांगू.

मग ब्रेक जड झाला आणि मालकाने मला कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे नेलं. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. कशातला उस्ताद, ते मला त्या दिवशी कळलं. त्याने जुनी वायर कव्हरासकट धरली आणि खस्सकन ओढून काढली. टोकाला दोरा बांधला नाही, काही नाही! आता रिकाम्या दांड्यात नवीन कव्हराने वाट शोधायची कशी? तासभर तो मला उलटीसुलटी करत होता, स्पोक घालून आत टोचत होता, वर मलाच शिव्या देत होता. शेवटी दामटून, वाकवून त्याने ते मागच्या भोकातून बाहेर काढलं. फोमची नळी चुरगळून जुन्या वायरीबरोबर बाहेर आली होती. "कंपनीचे चोचले," असं म्हणून त्याने ती कचऱ्यात टाकली.

दुसऱ्या दिवसापासून मी वाजायला लागले. खड्डा आला की खडखड, दगड आला की खडखड. मालक वैतागला. आधी त्याला घंटीचा संशय आला. घंटी काढली. मग मडगार्ड काढलं. मग कॅरियरचे नट इतके आवळले की एकाचे आटेच गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी! त्याने मला परत उस्तादकडे नेलं, तर उस्तादने मला दुकानातल्या गुळगुळीत फरशीवरून चार पावलं फिरवलं.

"कुठं काय वाजतंय, साहेब? आणि सायकल म्हटली की वाजायचीच."

खड्ड्यातून फिरव ना मला, मेल्या! पण माझं ऐकतो कोण?

शेवटी मालकाने आपल्या परीने इलाज केला. कानात इअरफोन घातले आणि गाणी लावली. वाजणारी मी, आणि बंद केले कान! काचेवर डाग दिसला म्हणून हा डोळे मिटून घेईल का?

इकडे दांड्यात वाकलेलं कव्हर आदळून आदळून चिंबलं. त्याच्या आत ब्रेकची वायर घासू लागली. तिची एक एक तार तुटत होती. ब्रेक दाबला की आता खडखडीच्या जोडीला बारीक करकर यायची. मी जीव तोडून सांगत होते. मालकाच्या कानात गाणी.

पण मागे बसणाऱ्या तिला ते ऐकू आलं.

"अहो, आवाज बदललाय हिचा. ब्रेक दाबलात की आतून करकरतंय. एकदा बघून घ्या."

मालकाने एका कानातला इअरफोन काढला. "आता तुझीही खडखड सुरू झाली का?"

तिने आणखी दोनदा सांगितलं. एकदा जेवताना, एकदा तो निघताना. दुसऱ्या वेळी तो म्हणाला, "तू तुझे कपडे शीव." ती दारातून आत गेली. त्यानंतर चौथ्या दिवशी दवाखान्याच्या उतारावर ब्रेक दाबल्याबरोबर माझी वायर तुटली. समोरच्या हातगाडीला चुकवताना आम्ही दोघं भिंतीवर आदळलो. माझं चाक वाकलं, त्याचं उजवं मनगट मोडलं. काचा घासायचा तोच हात.

प्लास्टर घालून घरी आल्यावर त्याचं पहिलं वाक्य काय असावं? "ब्रेक जाणार आहे हे मला कोणी सांगितलंच नाही!"

संतापाने माझे उरलेसुरले नट ढिले व्हायची वेळ आली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! आता ती त्याला चांगलं फैलावर घेईल, याची मी वाट बघत होते. तिने फक्त त्याच्याकडे बघितलं आणि ताटं घेतली.

"भंगारात घाल ती," तो म्हणाला. तिने घातली नाही. चाक सरळ करून आणलं, नवीन वायर आणि कव्हर आणलं आणि मला अंगणात उलटी उभी केली. जुन्या कव्हराच्या टोकाला तिने जाड दोरा शिवून टाकला.

"नाडी ओढायच्या आधी टोकाला दुसरी बांधायची, हे शाळेतल्या पोरींना कळतं," ती पुटपुटली. मग कव्हर हळूहळू ओढलं. ते बाहेर आलं, दोरा आत राहिला. कोटाच्या खांद्यात घालायच्या फोमच्या पट्ट्या तिने नवीन कव्हराभोवती गुंडाळून टाके घातले, वळणापाशी अडकू नये म्हणून साबणाचं पाणी लावलं आणि दोऱ्यामागून सगळं आत घेतलं. अर्ध्या तासाचं काम! वर्षभर मी ज्यासाठी ओरडले, ते अर्ध्या तासात झालं.

आता मी वाजत नाही. तिने बाहेर एका शिवण कारखान्यात काम धरलंय, रोज मीच तिला नेते. तिथे ती भरपूर बोलते, हसते. घरी मात्र "जेवण झाकून ठेवलंय" आणि "औषध घ्या" एवढंच. वाद नाही, तक्रार नाही. परवा मालक खुर्चीत पाय पसरून मला म्हणाला, "तुझी कटकट गेली, घर कसं शांत झालं."

काल परतताना ती एका इमारतीपाशी थांबली. दारावर पाटी होती: 'एका माणसासाठी खोली भाड्याने देणे आहे'. तिने तिथला नंबर लिहून घेतला, चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि नेहमीच्या वेळेला घरी आली.

अरे शहाण्या, माझं दुखणं बरं झालं म्हणून मी गप्प झाले. ती का गप्प झाली, हे तिला आज विचार. उद्या नको, आजच विचार.