तुमचा सूर बघा

माझं कपडे शिवायचं छोटं दुकान आहे. दिवसभर मशीनखेरीज कोणी बोलत नाही. म्हणून मी फोनवरच्या शिंप्यांच्या ग्रुपवर जाऊन भांडते. तेवढीच करमणूक.

त्या दुपारी विषय अस्तराचा होता. मी लिहिलं, अस्तर आधी भिजवून, वाळवून मगच कापावं. नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं आणि कोट आतून ओढला जातो. यात वाद घालण्यासारखं काय आहे? पण ‘कात्री’ नावाचे एक गृहस्थ उगवलेच.

‘म्हणजे जुने कारागीर मूर्ख होते का?’

मी जुन्यांचं नावही काढलं नव्हतं. आपणच माझ्या तोंडात वाक्य कोंबायचं आणि मग त्यालाच झोडपायचं! तसं मी सुनावलं. तर म्हणे, ‘इथे सगळ्यांना माझं पटलंय.’ सगळे म्हणजे कोण? ग्रुप तर पेंगत होता. तेही विचारलं. मग उत्तर आलं, ‘मुद्दा असेलही बरोबर. आधी तुमचा सूर बघा.’

लिहिलेल्या अक्षरांना कसला आलाय सूर! मी हसले, आणि हसता हसता माझा पाय मशीनवर थांबला.

वडिलांच्या कापायच्या टेबलाखाली बसून आम्ही भावंडं काजं करायला शिकलो. भांडणात हरायला लागला की दादा याच क्रमाने यायचा. आधी वडिलांना मध्ये घालायचं, मग ‘सगळे म्हणतात’, आणि शेवटी सूर. घरात माणसं किती, तर चार!

आई गेली तेव्हा मी विचारलं होतं, "दादा, डॉक्टरांना बोलवायला इतका उशीर का केलास?"

"तू कुठे होतीस? आणि आधी तुझा सूर बघ."

तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही.

आता ‘कात्री’ होऊन तो आयता तावडीत सापडला होता. सगळ्यांसमोर त्याचा एकेक डाव उघडा पाडता आला असता. पण मला जिंकायचं नव्हतं, मला दादा हवा होता. मी त्याला एकट्याला लिहिलं, ‘दादा, मी टाचणी. त्या प्रश्नाचं उत्तर नको मला. एकदा बोल फक्त.’

त्याने वाचलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

‘आपण कोण? विषय अस्तराचा आहे. विषय बदलू नका.’

आपण! जन्मभर ‘ए टाचणे’ म्हणून हाका मारल्या याने. मला संताप आला आणि रडूही आलं. अजून एक शब्द लिहिला असता तर तो ग्रुपही सोडून गेला असता, एवढं मी त्याला ओळखते. म्हणून डोळे पुसले आणि ग्रुपवर परत गेले.

‘अस्तर न भिजवता लावणाऱ्याने सुई हातात धरू नये,’ मी लिहिलं.

उत्तर लगेच आलं. ‘तुमचा सूर बघा.’

रिकाम्या दुकानात मी ते मोठ्याने वाचलं. ‘तुमचा’च्या जागी ‘तुझा’ घालून.