सहावा अ‍ॅक्सेस पॉइंट

सिद्धेश गेला तेव्हा दिवा स्टेशनजवळच्या त्यांच्या खोलीत पलंगाखाली सहा अ‍ॅक्सेस पॉइंट पडून होते. कोपरीच्या विहारातल्या अभ्यासिकेत वायफाय बसवायला म्हणून एका बंद पडलेल्या ऑफिसातून त्याने ते मागून आणलेले. पण ही मोठ्या ऑफिसांतली यंत्रं. त्यांना चालवणारा कंट्रोलर नसला तर नुसती लुकलुकत बसतात. प्रत्येकात स्वतंत्र चालणारं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम, भरायला हवं होतं. ते काम हातात घेतलं आणि काविळीने त्याला गाठलं.

अभ्यासिका सांभाळणाऱ्या कांताताईंनी तगादा लावला नाही. पण तिथे अभ्यासाला येणाऱ्या पोरींच्या परीक्षा तोंडावर आल्या, तशी एका रविवारी त्याच्या बायकोने, स्वप्नानेच, खोकं बाहेर ओढलं. तीही नेटवर्कच्याच कामातली.

बटण दाबून वीज द्यायची, दिवा लाल झाला की बोट काढायचं. मग लॅपटॉपवरून केबलने फाइल आत जाते. पहिल्याने फार छळलं, पुढचे चार निमूट झाले. सहावा मात्र लावताच आपोआप सुरू झाला. सिद्धेशने तो आधीच करून ठेवलेला. फोनवर नेटवर्कचं नाव उमटलं, ‘सिद्धेश’.

सासूबाई, भीमाबाई, तांदूळ निवडत होत्या. त्या वाकल्या. “माझ्या पोराचं नाव ना गं ते?”

“हो, आई.”

स्वप्नाने आठवतील ते पासवर्ड घालून पाहिले. एकही लागेना.

“आत शिरता येत नाहीये. सगळं पुसून नव्याने भरावं लागेल.”

“हा एक राहू दे की घरात.”

“राहू दे,” स्वप्ना लगेच म्हणाली. तिलाही तेच हवं होतं. “पाच नेते.”

भीमाबाईंनी तांदळातला एक खडा वेचून बाजूला टाकला. “पाचात सगळ्या पोरींना पुरेल?”

“वरच्या मजल्यावर नाही पोचणार.”

“मग पूस. थांब, फोन दे आधी इकडे.”

त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला. स्वप्नाने बटण दाबलं.

“गेलं गं,” भीमाबाई म्हणाल्या, आणि फोन तसाच धरून बसल्या.

संध्याकाळी कोपरीत सहाही पॉइंट भिंतींवर चढले. “ताई, वर पण येतंय!” जिन्यातून कुणीतरी ओरडलं. बघता बघता पोरींनी फोनमध्ये माना घातल्या, आणि स्वप्नाला करायला काही उरलं नाही. ती बाहेर पायरीवर चपला घालायला बसली, ती उठलीच नाही. सिद्धेशला नेलं त्या दिवशीही न आलेलं रडू तिला तिथे, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत आलं. कांताताई आतून आल्या आणि तिच्याजवळ टेकल्या.